मजुरांच्या रकान्यात सावड

सरकारी अर्जाला दमात घेणारी बाई अख्ख्या पोलादपूर तालुक्यात एकच, ती म्हणजे माझी आत्या. आंबेनळीच्या अंगाला तिची वाडी. तिथे ती नाचणीचे पापड करते आणि हिरकणीवाडीच्या टपऱ्यांवर पोचवते. जाहिरातीवर तिचा विश्वास नाही. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला महाड यायच्या आत ती एक पापड कच्चाच खायला लावते आणि बाईने तोंड वाकडं केलं तर तिला दात तपासून घ्यायला सांगते. तरी तीच बाई पुढच्या खेपेला दोन डझन मागून घेते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गेल्या वर्षी तिला पीठ मळायचं यंत्र हवं झालं. मनगटं दुखत होती, पण ते ती कबूल करणार नव्हती. सरकारी योजनेत अनुदान होतं, म्हणून मी अर्ज भरला. 'मजूर किती?' या रकान्यात मी लाटायला येणाऱ्या जावा-शेजारणी मोजून अकरा लिहिलं, तर तिने ते खोडून स्वतःच्या हाताने 'सावड' लिहिलं. आज तू माझे पापड लाट, आषाढात मी तुझी लावणी लावीन, ही आमच्याकडची सावड. कचेरीतले साहेब बाहेरगावचे. त्यांनी अदबीने विचारलं, "सावड हे यांचं आडनाव का?" मला हसू आवरेना. साहेब म्हणाले, "मावशी, अकरा मजूर लिहा, यंत्र मंजूर होईल. नुसतं लिहायचंय."

"नुसतं कसं? मी जावेला मजूर लिवलंय हे तिला कळलं, तर माझ्या दारात पाय ठेवील का ती? यंत्र ऱ्हाऊ दे. माणसं हायत माझी."

अर्ज घेऊन ती उठली आणि यंत्र हातचं गेलं. मी स्टँडपर्यंत तिच्याशी भांडले. आज सांगते, चूक माझी होती. बायकांनी एकमेकींना दिलेल्या दिवसांना सरकारदरबारी नाव नसेल, तर ते सरकारने शोधावं. आत्याने का बदलावं?

यंदा पापडांच्या ऐन दिवसांत पडून तिचा हात मोडला. मी रजा टाकून धावले, तर ओटीवर अकराही जणी लाटत बसलेल्या, आणि ही गळ्यात हात बांधून प्रत्येकीच्या पापडात खोट काढत होती. आषाढात तिला चिखलात उतरता येणार नाही, हे सगळ्यांना दिसत होतं. मी हळूच विचारलं, "आत्या, एवढ्या जणींचे दिवस फेडणार कधी?"

"सगळं फेडून झालं, तर येतील कशाला गो कोण?"

ती हसली. मी ओढणी खोचून पोळपाट पुढे ओढला. माझाही एक दिवस तिच्याकडे अडकून राहू दे.