गाव लाल करणारे जिभाऊ

जिभाऊ मोबाईलच्या टॉवरला 'व्याही' म्हणत. आमचं गाव लोणखेड्यापासून दोन-तीन कोसांवर आणि टॉवर शेजारच्या गावाच्या शिवारात. सकाळी दात घासत ते ओट्यावर यायचे, टॉवरकडे तोंड करून चूळ टाकायचे आणि म्हणायचे, "दूरथून कसा ऐटदार दिसस देखा! पन कामना टाइमले तोंड फिराई लेस." मग त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार व्हायचा. टॉवरला पिढ्या नसतात, हे त्यांना सांगायला कोणी गेलं नाही. गेलं असतं तर त्याच्याही पिढ्या निघाल्या असत्या.

ते आमचे नात्यातले नव्हते. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, गावाबाहेर पपईचं वावर. मोठ्या भावाला म्हणायचा 'जिभाऊ' हा शब्द त्यांना सारं गाव लावत असे, त्यांच्याहून मोठी माणसंसुद्धा. गावात कोणाची बोअर असो, बारसं असो की भांडण असो, जिभाऊंना बोलवावं लागत नसे. ते आधीच येऊन बसलेले असत आणि चहा उशिरा आला म्हणून रागावलेलेही असत. त्यांच्या पत्नीला आम्ही जिजी म्हणायचो. जिजी म्हणायच्या, "यास्ले सोतानं घर सोडीसन बठ्ठा गावनी काळजी शे."

त्या काळजीत मीही होते. लोणखेड्याच्या कॉलेजातून मी पदवीधर झाले. आमच्या घरात तोपर्यंत दहावीच्या पलीकडे कोणी गेलं नव्हतं. पुढे शिकायचं होतं, पण बाबा म्हणाले, "शहरमा खोली लेवानं आपलाथून जमाव नही. घर बठीसन शिकशी तितलं शिक." म्हणून ऑनलाइन वर्गांचा एम.ए.चा अभ्यासक्रम घेतला. वर्ग चालू असताना नेट तुटलं की हजेरी तुटायची, आणि हजेरी कमी पडली की परीक्षेला बसू देणार नव्हते. घरात नेट फक्त चुलीच्या वरच्या कोनाड्याजवळ येई, तेही लहर लागली तर. मी पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर बसून वर्ग करायची. सर प्रश्न विचारायचे आणि माझ्याऐवजी खाली धुतल्या जाणाऱ्या म्हशी उत्तर द्यायच्या.

अशात तालुक्याचा एक खुला नकाशा निघाला. प्रत्येकाने आपल्या घरी बसून मोबाईलवर नेटचा वेग मोजायचा आणि पत्ता टाकायचा. मग नकाशात त्या घरावर ठिपका उमटे. नेट चांगलं तर हिरवा, बरं तर पिवळा, नाहीच तर लाल. जिथे लाल जास्त, तिथे घरोघरी केबल आधी येणार होती. जिभाऊंनी यातलं एवढंच ऐकलं की आपलं गाव नकाशात सगळ्यांना दिसणार.

झालं. त्यांनी गल्लोगल्ली निरोप धाडला, अंघोळ करून धुतलेले कपडे घालून या म्हणून. ट्रॅक्टरला ट्रॉली जोडली, ट्रॉलीत ताडपत्री घातली आणि नकाशात यायला निघालेलं गाव लोणखेड्याला कॉलेजांपाशी नेलं, कारण तिथे नेट धो धो चालतं. फोटो काढताना नाही का आपण गोठा सोडून नव्या घरासमोर उभे राहत! तिथे प्रत्येकाने वेग मोजला आणि पत्ता गावातल्या घराचा टाकला. मग सगळ्यांनी मिळून भजी खाल्ली.

मी त्या दिवशी मामाच्या गावी होते. परत आले तर जिभाऊ ओट्यावर मोबाईल धरून बसलेले. "देख वं माय, बठ्ठं गाव हिरवंगार करी टाकं! एक बी टिपकं लाल नही."

मी त्यांना समजावलं. माझा आवाज रडवेला झाला होता, कारण केबलच्या पहिल्या यादीत आमचं गाव नव्हतं. तोरणमाळच्या वाटेवरचे पाडे होते. तिथल्या लोकांनी मोबाईलने जे दाखवलं तेच टाकलं होतं.

"पन पाव्हनाले कोनी फाटेल गोधडी दखाडस का?" जिभाऊ म्हणाले.

"जिभाऊ, तो पाहुणा नाही, तो गोधडी शिवायला आलाय."

जिभाऊ गप्प बसले की जिजी घाबरून बाहेर येत, तशा आल्या. मग ते उठले. "तुन्ही परीक्षा मीच बुडाई ऱ्हायनू तर. खोटं बोलीसन हिरवा व्हयनूत, आते खरं बोलीसन लाल व्हवानं."

नकाशात पुन्हा मोजायची सोय होती. दुसऱ्या दिवसापासून ते घरोघर फिरू लागले आणि कधी नव्हे ते घरोघर नकार खाऊ लागले. लग्नसराई जवळ आली होती. मुलींचे बाप हल्ली शेती विचारतात, नोकरी विचारतात आणि जाता जाता नेटही विचारतात. नकाशा तर कोणीही उघडून पाहावा असा. शेजारच्या सुंदरकाकू दारातच कडाडल्या, "मन्हा पोऱ्यानं लगीन जमाडी ऱ्हायनूत, आनि मी घरवर लाल टिपकं लावू? जसं काय घरले गोवर निंघना!"

"काकू, खरं शे ते—"

"खरं शे ना? मंग पह्यले तुम्हनं घर लाल करा, जिभाऊ. तुम्हना प्रफुल्लले बी तर रविवारले पाव्हना येवाव शेतस."

हे खरं होतं. प्रफुल्ल त्यांचा एकुलता एक मुलगा. दोंडाईच्याकडचं स्थळ होतं, मुलगी शिकलेली, घरी बसून कॉम्प्युटरवर नोकरी करणारी. पत्रिका जुळली होती, फक्त घर पाहणं बाकी होतं.

रविवारी पाहुणे आले. मी जिजींना पोहे करू लागायला गेले होते. पोहे झाले, पपईच्या फोडी झाल्या. मुलीच्या वडिलांनी चहाची बशी खाली ठेवून विचारलं, "बाकी सगळं छान आहे. मुलीचं काम घरूनच असतं, म्हणून विचारतो. नेट चालतं ना इथे?"

"चालतं की!" प्रफुल्लचे मामा म्हणाले. "पळतं!" काका म्हणाले. प्रफुल्लने मान हलवली. आता जिभाऊंनी नुसतं बसून राहायचं होतं, पण बसून राहणं त्यांना कधी जमलं नव्हतं.

"चाल माय, मोबाईल आन," ते मला म्हणाले. "पाव्हनास्ना समोरच मोजू."

मी जिजींकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. मी मोबाईल बैठकीच्या मधोमध ठेवला. पडद्यावरचं चाक फिरू लागलं. फिरत राहिलं. मामांनी चाक फिरतंय म्हणजे नेट आहे असं सुचवून पाहिलं. चहावर साय आली. शेवटी ठिपका उमटला, कुंकवासारखा लालभडक.

"असं शे," जिभाऊ म्हणाले. "आते गावमा केबल येवाले जोयजे, आनि ती येवाले हाई टिपकं लालच ऱ्हावाले जोयजे. तुम्हनी पोरले इचारा, थांबस का."

मुलगी थांबली नाही. पाहुणे "कळवतो" म्हणून गेले ते अजून कळवताहेत. प्रफुल्ल बापाशी बोलेनासा झाला. जेवताना मीठ हवं असलं तरी तो जिजींमार्फत मागे.

पण ही बातमी संध्याकाळच्या आत गावभर झाली. जिभाऊंनी पाहुण्यांसमोर स्वतःचं घर लाल केलं म्हटल्यावर बाकीच्यांना कुठल्या तोंडाने हिरवं राहायचं कळेना. सुंदरकाकूंनीच सुरुवात केली. शिव्या देत देत मोजलं, पण घरात बसून मोजलं. बघता बघता सारं गाव गोवर आल्यासारखं लाल झालं आणि पुढच्या यादीत आमचं नाव आलं.

केबल आली तेव्हा माझी हजेरी अगदी काठावर होती. नंतरचे सगळे वर्ग मी घरातल्या घरात केले. तोंडी परीक्षेच्या दिवशी जिभाऊ आमच्या दाराबाहेर खाट टाकून बसले आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "हळू बोल रे, पोर परीक्षा दी ऱ्हायनी" असं इतक्या जोरात सांगत होते की आतून परीक्षकांनी मला विचारलं, "बाहेर कोण आहेत?" मी म्हणाले, "आमचे जिभाऊ." मी पास झाले. आज शिकवते आहे.

गेल्या हिवाळ्यात जिभाऊ गेले. दारावर बसायला, म्हणजे दुखवट्याला, गावोगावची माणसं आली. जो तो म्हणत होता, देवमाणूस होता, कोणाचं वाईट केलं नाही, आवाज चढवला नाही. जिजी ऐकत होत्या. आवाजाचं ऐकल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही.

"खोटं कसाले बोलतस?" त्या म्हणाल्या. "भलता हट्टी मानूस व्हता. झोपमा बी वरडे." मग माझ्याकडे वळल्या. "तू सांग वं माय. जसं व्हतं तसं सांग."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. भिंतीशी प्रफुल्ल बसला होता, मुंडण केलेला, शेजारी त्याची बायको. लग्न त्याचं दोन वर्षं उशिराने झालं होतं. मी सांगितलं, "माझं शिक्षण त्यांनी घरापर्यंत आणून दिलं. आणि त्यासाठी प्रफुल्लदादाचं जमत आलेलं लग्न मोडलं."

दुखवट्याच्या घरात असं बोलतात का, अशा नजरेने प्रफुल्लचे मामा पाहू लागले.

सगळ्यात आधी हसला तो प्रफुल्लच. हसता हसता त्याने डोळे पुसले आणि तो जिजींना म्हणाला, "माय, जेवाले बठाडा लोकेस्ले. मीठ मी आनस."