वाघमारे सरांचा बर्फ

वाघमारे सर रोज सकाळी सायकलला रुंद तोंडाचा थर्मास अडकवून दूध संघावर बर्फ आणायला जात. गावाला टँकरचं पाणी आणि हा माणूस बर्फ नेतो, म्हणून लोक हटकत. सर शांतपणे सांगत, "पाहुणी आलीय. तिला गार लागतं."

पाहुणी म्हणजे हरभऱ्यावरची घाटेअळी. सर तालुक्याच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवत आणि मी त्यांचा प्रयोगशाळा सहायक. अळीच्या पोटात प्रथिनांचे तुकडे करणारी विकरं असतात, त्यांना सर कात्र्या म्हणत. अळीचं आतडं काढल्यावर बर्फात ठेवलं नाही, तर त्या कात्र्या एकमेकींनाच कातरतात. कारल्याच्या बीमधलं एक द्रव्य त्यांच्या पात्यांत अडकून बसतं. मग खाल्लेलं पचत नाही, अळी खुरटते. चकलांबा गावाकडचा एका पाण्यावर तगलेला हरभरा या द्रव्यानं वाचेल का, एवढंच सरांना बघायचं होतं.

प्रत्येक अळीला वेगळी बाटली लागे. बाटल्या धुवायला पाणी कुठून आणायचं? मी डोकं चालवलं आणि सगळ्या अळ्या एकाच बरणीत सोडल्या. पाणी वाचवल्याबद्दल शाबासकी मिळेल असंही वाटलं. सकाळी बरणीत एकच अळी, चांगली टरटरीत. बाकीच्या तिच्या पोटात. सरांनी बरणी उजेडात धरली.

"राजाभाऊ, चेअरमन निवडून आला बघा. बिनविरोध."

रागावले नाहीत. पुन्हा पहिल्यापासून अळ्या वाढवल्या. या वेळी बाटल्या त्यांनी स्वतःच धुतल्या.

कारल्याच्या बीची पूड घातलेल्या पिठावर अळ्या खरोखरच वाळल्या. बियाणे सोसायटीच्या चेअरमन आबांना हे कळलं आणि त्यांनी ती पूड सोसायटीतर्फे विकायचं ठरवलं. बदल्यात कॉलेजला मोठा फ्रीज देऊ म्हणाले. सरांनी त्याची जागासुद्धा पुसून ठेवली. तेवढ्यात उरलेल्या अळ्या सावरू लागल्या. त्यांनी पोटात दुसऱ्याच कात्र्या तयार केल्या होत्या, त्या द्रव्याला न जुमानणाऱ्या.

पूड जाहीर करायला सोसायटीनं भरवलेल्या सभेच्या मांडवामागे आबांनी सरांना गाठलं. "सर, आदी वाळल्या का न्हाई?"

"वाळल्या. मंग सावरल्या."

"मंग तेवढं मागचं कावून सांगता?"

"आबा, हरभऱ्याचे घाटे त्या मागनं सावरलेल्याच खाणार हायत."

माईकवर सरांनी सगळं सांगितलं. पूड विकली गेली नाही, फ्रीजही आला नाही. पुसलेल्या जागेवर मी झाडू ठेवू लागलो. सर दुसऱ्या सकाळी थर्मास घेऊन निघाले. "अळीला कमी समजू नका, राजाभाऊ," ते म्हणाले. "तिलाबी पोट हाय."

निवृत्तीनंतर सरांना स्वादुपिंडाचा आजार झाला. माणसाच्या बहुतेक कात्र्या तिथंच तयार होतात, हे त्यांनीच मला शिकवलेलं. अन्न पचेना, अंग वाळत गेलं. शेवटी फक्त बर्फाचा खडा चघळायचे. दूध संघावरून बर्फ आणायचं काम मी घेतलं. थर्मास तोच. तो उघडा राहिल्यानं पहिल्या दिवशी मी निव्वळ पाणी घेऊन पोचलो. सर ओठांतल्या ओठांत हसले.

"अळीचं आतडं ठेवायचं असतं, तर गेलं असतं की."

मग छताकडं बघत म्हणाले, "अळीला दुसरी कात्री करता आली, राजाभाऊ. मला न्हाई जमलं."

मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं आणि पुन्हा बर्फ आणायला निघालो.