रामरावांनी नापास केलेली सोय

आमच्या शेजारचे रामराव तिडके डिफेन्स फॅक्टरीत माल तपासायचे. खराब नग कधी पास केला नाही आणि चांगला नग कधी नापास केला नाही, हा त्यांचा टेंभा. त्यांच्या पत्नी अंजनीकाकू असेपर्यंत त्याच तो ऐकून घ्यायच्या.

काकूंच्या मागे रामरावांना तगवलं ते त्यांच्या दुखण्यांनी. शुगरचे डॉक्टर राइट टाउनला, हृदयाचे दुसरीकडे, लॅब तिसरीकडे. एकाचा रिपोर्ट दुसऱ्याला दाखवायला म्हातारा पिशवी घेऊन ऑटोनं हिंडायचा, रांगेत चार माणसांशी गप्पा ठोकायचा आणि शुगर असूनही खोव्याची जलेबी हाणून घरी यायचा. यंदा हे सगळे दवाखाने कॉम्प्युटरनं एकमेकांना जोडले गेले. रिपोर्ट आपोआप पोचायला लागले, औषधं दारात यायला लागली. सोय इतकी झकास झाली, की रामरावांना उंबरठा ओलांडायचं कारणच उरलं नाही. मी संध्याकाळी ऑफिसातून येतो तेव्हा ते फाटकाशी उभे असतात. बघून जीव तुटतो.

परवा रविवारी प्रणोती नावाची मुलगी आली. दवाखान्यांचा मेळ कसा बसलाय, ते पेशंटला विचारून मोजायचं तिचं काम. मी तिथेच बसलो होतो.

“दादाजी, मराठी समजते मला, ठीक से बोलना नहीं आता,” ती लाजत म्हणाली.

“चालते न बेटा! तू विचार तर.”

“एका डॉक्टरचं दुसऱ्याला माहीत असते?”

“असते.”

“रिपोर्टसाठी चक्कर?”

“एकही नाही.”

उत्तरं सगळी खणखणीत. शेवटी तिनं या सोयीला दहापैकी किती मार्क, ते विचारलं. रामरावांनी उलट तिलाच विचारलं,

“दहा दिले, तर तू पुन्हा येशील काय?”

“नहीं दादाजी. जिथं मेळ नाही बसत, वहींच दर महिन्याला जाना पडता है.”

“मग शून्य लिही.”

“पण आत्ताच तर तुम्ही...”

“लिही म्हटलं न! काहून विचारून राहिली?” त्यांचा आवाज चढला आणि तिथेच फुटला.

तिनं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. तिनं शून्य लिहिलं.

“चांगला नग नापास केला आज,” रामराव मला म्हणाले. मग तिच्यासाठी फाटक उघडताना विचारलं, “मंगळवारी येशील? मंगळवारी मी घरीच असतो.”

सातही वार ते घरीच असतात.