दोन दळांचं पान

किराणा दुकानदाराच्या पोटात काही राहत नाही, असं आमच्या गावात म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. कुणाकडं पाव्हणे आले, कुणाची सून रुसून माहेरी गेली — साखर तोलता तोलता माझ्या तोंडून सगळं गावभर होतं. एक गोष्ट तेवढी राहिली. बायकोला सांगितली नाही. आई होती तोवर तिलाही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही आमच्या गावचे नाही — आणि खरं सांगू का, आता ती पोटात मावत नाही.

मी महालिंग. लिंबागणेशच्या बाजूला, डोंगराला लागून आमचं गाव. बीडहून एसटीनं आलात तर आधी पवनचक्क्या दिसतात, मग गाव. ह्या पंख्यांना गावाचा विरोध होता. लई विरोध! डोंगरावर गायरान, गावची सगळी गुरं तिथं चरायची. डोंगरातूनच झरा येतो, त्यावर खालची विहीर भरते. पंख्यांसाठी डोंगर फोडून रस्ता करणार म्हटल्यावर पाणी राहील का? गुरं जातील कुठं? कुणी धड उत्तर देईना. साहेब लोक यायचे, विकास विकास करायचे, चहा पिऊन जायचे.

शेवटी गाव महादेवाच्या देवळात जमलं. ठरलं, की घरटी एकानं बेलभंडार उचलायचा. म्हणजे बेलाचं पान आणि चिमूटभर हळद हातावर घेऊन पिंडीसमोर शब्द द्यायचा — मी फुटणार नाही, गावचं बोलणं गावाबाहेर नेणार नाही. कोर्टातली शपथ मोडली तर वकील तरी असतो. ही मोडली तर कोण हाय?

बेल नागनाथच्या झाडाचा. नागनाथ माझा लहानपणचा दोस्त, घराला घर लागून. त्याच्या बांधावर बेलाचं जुनं झाड आहे, आणि शिवरात्रीला पिंडीवर पहिलं पान वाहायचा मान त्याच्या घराचा, आज्या-पणज्यापासूनचा. शेतात त्याच्या फार काही पिकत नव्हतं, पण त्या दिवशी मोठमोठे पुढारी त्याच्या मागं उभे राहायचे. मी चिडवायचो, "नाग्या, वर्षातून एक दिवस तू राजा, बाकीचे दिवस माझ्या दुकानातल्या पोत्यावर!" तो हसायचा. पण त्या मानावर जगायचा गडी.

तर त्या दिवशी पानं त्यानंच वाटली. निवडून, पुसून. माझ्या हातावर ठेवलं ते पान अख्खं होतं, तीन दळांचं. मी मूठ मिटली आणि अंगठ्यानं एक दळ मोडलं.

कावून? — सांगतो की, जरा दम धरा. हे सांगायलाच तर बसलोय.

पंख्यांवरच्या माणसांचा मुक्काम डोंगराखाली पडणार होता. त्यांचा एक साहेब माझ्या दुकानात येऊन बसायचा. "आप्पा, मुक्कामाचा सगळा किराणा तुमच्याकडूनच." आप्पा म्हणायचा मला! इतक्या अदबीनं मला बापजन्मी कुणी बोललं नव्हतं. मी हो म्हणून बसलो होतो. आता गावासमोर नाही कसं म्हणू? आणि देवासमोर खोटं बोलायचीही छाती नाही. मग काढली युक्ती — तुटकं पान महादेवाला चालत नाही ना? मग तुटक्या पानावरची शपथ तरी त्याला कशी पोचेल? वाण्याचं डोकं बघा! पान ढिगात सरकवलं, नमस्कार केला, प्रसाद खाल्ला.

पुढं पंख्यांची पाती घेऊन गाड्या यायची वेळ आली. पातं इतकं लांब, की आमच्या वेशीजवळच्या वळणावर गाडी मुंगीच्या पावलानं वळते. गावानं ठरवलं, सकाळी तिथंच बायापोरांसकट रस्त्यावर बसायचं, गाडी माघारी जाईस्तोवर उठायचं नाही. आदल्या दिवशी साहेब बिस्किटं घ्यायला आला. "काय म्हणतंय गाव, आप्पा?" त्यानं दरडावलं नाही. काही देऊ केलं नाही. नुसतं विचारलं — आणि मी बिस्किटाच्या पुड्याबरोबर तेही त्याच्या हातावर ठेवलं.

सकाळी आम्ही भाकरी बांधून वळणावर पोचलो तर पोलीस आमच्या आधी हजर, आणि पातं वळण ओलांडून डोंगर चढतंय. बाया रडल्या. पोरं दगड उचलायला निघाली, त्यांना म्हाताऱ्यांनी आवरलं. ओरडलो मीही. सगळ्यांपेक्षा मोठ्यानं ओरडलो.

फोडलं कुणी? नागनाथचा जावई पंखेवाल्यांच्याच गाडीवर ड्रायव्हर. बस्स, गावाला तेवढं पुरलं. परत देऊळ, परत बेल. आता एकेकानं शपथ घ्यायची, की मी सांगितलं नाही. सुरुवात नागनाथपासून, आणि त्याच्या शेजारचं घर म्हणून मागोमाग मी. समोर बायकांत आई बसलेली. पोरीचं लग्न ठरलेलं. आता पुन्हा पान मोडणार का, म्हाल्या? किती पानं मोडणार?

नागनाथनं पान हातात घेतलं. मग ते हळूच खाली ठेवलं.

"म्या न्हाई उचलत," म्हणाला. "काय समजायचं ते समजा."

बेल न उचलणं म्हणजे कबुली. मग बाकीच्यांना कशाला तोशीस? लोक उठले. माझी पाळी आलीच नाही. सुटलो — असंच वाटलं मला, दुसरं काही नाही. आणि एवढ्यावर गप बसलो असतो तरी एक वेळ — पण जीभ माझी! मी पुढं झालो आणि म्हणालो, "जाऊ द्या, आपलाच माणूस हाय. चुकला. माफ करा त्याला."

ऐकलंत? मी! त्याला माफी!

गाव म्हणालं, महालिंगचं मन लई मोठं. त्याच बैठकीत नागनाथच्या घराचा मान काढला आणि पहिल्या पानाचा मान माझ्या घराला दिला. मी नको नको म्हणत घेतला. पुढं पोरीचं लग्न थाटात झालं. नागनाथला मी बोलावलं नाही. गाव काय म्हणेल? तोवर त्याच्याशी कुणी बोलेनासं झालं होतं, त्याच्या घरी हळदीकुंकवाला बाई जाईना.

मग शिवरात्र आली. पहाटे मागच्या दाराची कडी वाजली. दारात नागनाथ. हातात ओलं फडकं, फडक्यात बेल. पिंडीवर पहिलं पान त्याच्या झाडाचं पडावं, हात कुणाचा का असंना, एवढंच त्याचं म्हणणं. फडकं माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "बघून घे बे, म्हाल्या. तिन्ही दळं हायेत. मोडू नको."

मोडू नको.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्यानं सगळं बघितलं होतं, पहिल्याच दिवशी. त्यानं बेल उचलला असता तर तो सुटला असता, पण मागं मी उभा होतो. म्हणून त्यानं उचलला नाही. एवढं कळल्यावर मी काय बोललो असेन? "चहा घेतो का?" म्हणालो. "टाक," म्हणाला. आणि बसला की पोत्यावर, पहिल्यासारखा.

आईनं डोळे मिटले ते पोरगा सरळ माणूस हाय ह्या समजात. पोरगी सासरी मान वर करून नांदते. गिऱ्हाईक माझ्या तोलावर डोळे मिटून विश्वास ठेवतं. हे सगळं नागनाथनं दिलेलं आहे, आणि कधी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. सकाळी दुकान उघडताना मी महादेवाचं नाव घेतो आणि मनात लगेच त्याचं. असा दोस्त माझ्यासारख्याच्या वाट्याला कसा आला? लई उपकार आहेत हो त्याचे. आठवलं की तोलतानाही डोळे भरून येतात, आणि गिऱ्हाईक विचारतं, मिरची उघडी हाय का, आप्पा?

गाव आता पंख्यांवर चिडत नाही. झरा बारीक झालाय, पण हाय. पोरं पंख्याखाली उभी राहून फोटो काढतात, काहीजण तिथंच राखणीला आहेत. पंख्यांना माफ केलं गावानं. नागनाथला केलं नाही. आणि हे सगळं मिटायला माझं एक खरं वाक्य पुरे — शिवरात्रीला देवळात माइक असतो, तो माझ्याच हातात असतो.

यंदाही तो पहाटे आला. थकलाय आता तो, तरी फडकं नीट पिळलेलं. मी चहा टाकला. मग देवळात गेलो. मागं सगळं गाव उभं, आणि सगळ्यांच्या मागं, पायरीखाली, चपलांजवळ तो. मी पहिलं पान उचललं. बघून घेतलं. तिन्ही दळं होती. गाव म्हणालं, हर हर महादेव. मी पान वाहिलं, नमस्कार केला, प्रसाद खाल्ला आणि घरी आलो.