धूळ वाढून राहिली

मी मूळची संशयी. भाजीवाल्याने "एकदम ताजी आहे" म्हटलं की मी आधी जुडी उलटी करून बघते. तेव्हा विश्वाचं प्रसरण वाढत्या वेगाने होतंय आणि त्यामागे कुणी न पाहिलेली ऊर्जा आहे, हे मी मुकाट्याने मानणं शक्यच नव्हतं. पुरावा काय, तर दूरचे फुटलेले तारे अपेक्षेपेक्षा मंद दिसतात. अहो, मंद तर आमच्या मुर्री गावातून गोंदियाचे दिवेही दिसतात! राईस मिलची राख हवेत असली म्हणून ते लांब सरकले असं कुणी म्हणत नाही.

कॉलेजात फिजिक्स शिकवता शिकवता मी तेच धरून बसले: मधे धूळ असेल. पुण्याच्या एका तरुण सहकाऱ्याबरोबर लेख लिहायला घेतला. कल्पना माझी, संगणकावरची गणितं त्याची. धूळ खरी ठरली असती, तर त्या अदृश्य ऊर्जेचं बिंग मी फोडलं असतं. मला ते हवं होतं, फार हवं होतं.

निकाल आला. आलेख इतका चपखल बसला, की मी अंगणात जाऊन आईला मिठी मारली.

"काऊन व बाई, का होऊन राहिलं तुले?" आई म्हणाली.

पण जेवायला बसले आणि माझा संशय जागा झाला. फार दूरचे तारे धुळीने झाले असते तितके मंद नाहीत, हे मला ठाऊक होतं. मग आमची धूळ त्यांनाही कशी लागू पडली? यानं आकडे शिजवले की काय? सरळ फोन लावला.

"धूळ कशी धरलीस?"

"तुम्ही सांगितलीत तशीच, मॅडम. लांब जाऊ तशी धूळ वाढून राहिली, म्हणालात. म्हणून एका अंतरापर्यंत वाढवली, पुढे तशीच राहू दिली."

मी कपाळावर हात मारला. आमच्याकडे 'वाढून राहिली' म्हणजे वाढतेच आहे, थांबलेली नाही. उत्साहात मी घरचं बोलले आणि त्याने ते पुण्याच्या कानांनी ऐकलं.

त्याला वाढतच जाणारी धूळ घालायला लावली. आता दूरचे तारे हिशेबात फारच मंद निघाले. आलेख पार आपटला.

"पहिलाच पाठवू या ना," तो हळूच म्हणाला. "चुकून का होईना, जुळतोय."

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण नेमकी आपल्या सोयीच्या जागी येऊन थांबणारी धूळ! तिला थांबायला सांगितलं कुणी? दुसऱ्या कुणी अशी धूळ आणली असती, तर मी त्याची सालटी काढली असती. "नाही," म्हणाले आणि फोन ठेवून रडले.

लेख छापून आला. वाढत जाणारी धूळ हे कारण नव्हे, या निष्कर्षाखाली माझं नाव आहे. जिच्यावर माझा आजही काडीचा विश्वास नाही, त्या ऊर्जेच्या वाटेतला एक काटा मीच काढून दिला.