कॅनडाचा महापौर आणि आमची वारली

माझी बायको गेली आणि मुलाने मला गावाहून अबुधाबीला आणलं. शाळा मी चौथीपर्यंतच केली, पण राग धरायला शिक्षण लागत नाही. राग होता नातीवर. बायको गेल्याची बातमी कळवायला फोन केला, तर मुलगा आंघोळीला गेलेला, फोन पोरीने उचलला. म्हटलं, ‘‘बाळा, आजी वारली.’’ ती म्हणाली, ‘‘वॉव आजोबा, सो नाइस!’’

तेवढं इंग्रजी मला कळतं. इथे आल्यापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलायचो.

परवा ती चार्टपेपर पसरून बसली. शाळा इथलीच, पण अभ्यासक्रम कॅनडाचा, म्हणून तिथल्या दीडशे वर्षांपूर्वीच्या एका महापौरावर प्रोजेक्ट. अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत तिने मला सगळं ऐकवलं. गडी बोटीतून रिकाम्या हाताने आला. लाकडं कापायची गिरणी टाकली, मग पीठ-दोरखंडाचं दुकान. पुढे लोकांनी त्याला महापौर केलं आणि त्याने शहरात नळ आणायचं काम काढलं.

मी म्हटलं, ‘‘व्यापारी तो. पाइप स्वतःच्याच दुकानातले लावले असतील.’’

‘‘आजोबा! ही वॉज गुड!’’ पोर चिडली. मग खाली बघून म्हणाली, ‘‘नळाला पाणी आलं, त्याच्याआधी हिज वाइफ पास्ड अवे. मराठीत काय म्हणतात?’’

‘‘वारली,’’ मी तुटक सांगितलं.

‘‘नो, आजोबा. वारली म्हणजे ती त्रिकोणवाली माणसं. आजी व्हिडिओवर शिकवायची ना.’’

मी चष्मा काढला. ‘‘मग मी फोनवर म्हटलं आजी वारली, तेव्हा तुला काय वाटलं?’’

‘‘आजीने नवीन वारली काढली. मग पप्पांनी सांगितलं, देवाघरी गेली.’’ तिने हातातलं पेन खाली ठेवलं. ‘‘मी खूप रडली. तुम्ही इंडियात होता.’’

छातीवरचा धोंडा असा खाली आला की मला हसूच फुटलं, आणि हसता हसता रडू. पोर घाबरली. ‘‘खलास, आजोबा, खलास,’’ असं इथल्या अरबीत ‘पुरे आता’ म्हणत पाठीवर थोपटत बसली.

चार्टवर तिने महापौरही त्रिकोणाचाच काढला, उंच टोपीवाला. बाजूला नळाखाली हंडा लावून एक बाई.

‘‘ही कोण? त्याची बायको तर आधीच गेली.’’

‘‘आजी आहे.’’

‘‘कॅनडात? तिला थंडी सोसत नाही. शाल काढ आधी तिच्या अंगावर.’’