इंजिनावरची धूळ

विषमज्वरातून उठल्यावर माझ्या नवऱ्याची नजर अधू झाली. डोळ्यांच्या तपासणीत ते नापास ठरले आणि रेल्वेचं इंजिन चालवायच्या कामावरून उतरवून त्यांना गोंदियाच्या इंजिन शेडच्या फाटकावर राखणीला बसवलं. घरी आल्यावर ते कोणाशी बोलेनासे झाले. मग एक दिवस सागाचा तुकडा घेऊन आले आणि आपलं इंजिन कोरायला बसले. चाकं, चिमणी, तांब्याच्या तारेचे दांडे, सगळं हातभर लांबीत बसवलं. वर काळा रंग दिला.

"हे तर दुकानातलं वाटते," ते म्हणाले. "माझं इंजिन धुळीनं भरून राहायचं."

त्यांनी खडू आणि गेरू काचपेपरवर घासून भुकटी केली, तीत चुलीची काजळी मिसळली. कुंचल्यानं ती चाकांवर, पायऱ्यांवर बसवली. दरेकशाचा बोगदा पार करून आल्यासारखं इंजिन दिसू लागलं. पण बोट लागलं की भुकटी निघून यायची. म्हणून त्यांनी चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवली आणि डासांचं औषध मारायच्या पंपानं अगदी जवळून फवारली.

वाळल्यावर ते इंजिन खिडकीत घेऊन गेले. डोळ्यांशी धरलं, लांब धरलं. त्यांचा चेहरा उतरला.

"धूळ दिसते का चाकांवर?" त्यांनी मला विचारलं.

मी वाकून पाहिलं. लाखेनं सगळी धूळ पिऊन टाकली होती. इंजिन काळंभोर चमकत होतं.

"काऊन चूप आहेस? सांग ना."

"नाही दिसत," मी म्हटलं.

"तुले बी नाही दिसत?"

"मले बी नाही. लाखेनं गेली सगळी."

ते खाली बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मला वाटलं, आता रागावतील. पण ते म्हणाले, "मले वाटलं, माझेच डोळे अजून गेले."

त्या दिवशी मला कळलं की हा माणूस रोज सकाळी उठून कशाकशाकडे बघत असेल, आणि काय काय तपासत असेल.

दुसऱ्यांदा आम्ही दोघं बसलो. भुकटी दाट बसवली. पंप मी धरला, हात लांब करून, नुसतं धुकं पडेल इतका दूर. ते इंजिन फिरवत होते. एक थर वाळला की पुन्हा भुकटी, पुन्हा धुकं. रंग थोडा मावळला, पण धूळ टिकली. त्यांनी बोट फिरवलं, बोट स्वच्छ राहिलं. त्या दिवशी ते पोटभर जेवले.

नजर मात्र उतरतच गेली. पुढच्या हिवाळ्यात फाटकावरचं कामही सुटलं आणि आम्ही आमगावला माझ्या भावाकडे राहायला निघालो. लाकडी इंजिन मी जुन्या लुगड्यात गुंडाळून मांडीवर घेतलं. गाडी सुटताना त्यांनी नुसत्या आवाजावरून पुढचं इंजिन कोणतं ते सांगितलं. मग आमगाव येईपर्यंत त्यांचा हात माझ्या मांडीवरच्या लाकडी इंजिनावर होता.